सांडव्यावरची पोती

मला निवेदकांनी आत्ता ‘धरण सुरक्षेचे अभ्यासक’ म्हटलं. तसं काही नाही. मी पायदळातला अधिकारी होतो, बीएस्सी झालेला, आणि धरण या विषयाशी माझा नोकरीत कधी थेट संबंध आला नाही. मातीच्या बांधाशी मात्र आला. पंजाबच्या सीमेवर ‘डिच-कम-बंध’ म्हणतात अशी लांबच लांब रचना आहे. एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला मातीचा बांध. शत्रूचा रणगाडा अडवायचा म्हणून ती उभारली. पण मी तिथे होतो त्या काळात आमचा रोजचा शत्रू होता उंदीर, आणि त्याच्या जोडीला पाऊस. पावसाळा संपला की जवान बांधावर ओळीनं चालायचे, बिळं शोधायचे, पावसाच्या धारांनी पडलेल्या घळी बुजवायचे. तरुण कॅप्टन म्हणून मला ते फार कमीपणाचं काम वाटायचं. मातीचा बांध उभा राहिला म्हणजे काम संपत नाही, ती दरवर्षी थोडी थोडी निघून जात असते, एवढं मात्र तेव्हा डोक्यात बसलं. बसलं होतं, असं मला वाटत होतं.

निवृत्तीनंतर मी गावी आलो. सोलापूर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझे सख्खे-चुलत सगळे येतात. गावाच्या वरच्या अंगाला ७२च्या दुष्काळात मजुरीवर बांधलेला एक तलाव आहे. मातीची भिंत, लांबी ३८० मीटर, उंची १२ मीटर, साठा साधारण पाऊण दशलक्ष घनमीटर. आकडा छोटा वाटतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. म्हणजे गावाच्या डोक्यावर साडेसात लाख टन पाणी मातीच्या आधारानं उभं आहे.

हैदराबाद, इंदूर, हुबळीकडून ऐकणाऱ्या मंडळींनी हा महाराष्ट्रातला विषय म्हणून सोडून देऊ नये. तुमच्याकडे त्याला चेरुवू म्हणतील, तालाब म्हणतील, केरे म्हणतील. भिंत मातीचीच असते आणि मोडायच्या तिच्या तऱ्हा त्याच असतात.

मुख्य तऱ्हा दोन. पाणी भिंतीच्या माथ्यावरून गेलं की भिंत गेली. सिमेंटच्या धरणावरून पाणी वाहिलं तर ते बहुधा सोसतं, मातीची भिंत सोसत नाही. पाणी मागच्या उतारावरून माती खरवडत जातं आणि काही तासांत खिंड पडते. म्हणून मातीच्या प्रत्येक धरणाला बाजूला सांडवा असतो. दुसरी तऱ्हा आतली. पाणी भिंतीतून किंवा पायातून झिरपताना मातीचे कण सोबत न्यायला लागलं की आत नळी तयार होते. ती मागून पुढे, पाण्याच्या दिशेनं वाढत जाते. ती तलावाला जाऊन मिळेपर्यंत बाहेरून दिसतं काय? एक ओला डाग, एक बारीक धार. विमोचकाचा, म्हणजे पाणी सोडायचा पाइप किंवा नळ भिंतीतून जातो, त्याच्या कडेनं हे जास्त होतं. कारण काँक्रीट आणि माती कधी पुरते एकजीव होत नाहीत.

पुण्याच्या लोकांना पानशेत सांगायला नको. १२ जुलै १९६१. तेही मातीचंच धरण होतं, काम अपुरं असताना पाणी साठलं, विमोचकाच्या भागात भराव खचायला लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान पावसात तिथे वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण काही तास लांबलं, आणि पुण्यात पूर दिवसा आला. तो रात्री आला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी फौजेत असताना अनेकदा केला आहे. पोती या वस्तूबद्दल मला त्यामुळे आदरच होता.

आता माझ्या तलावाकडे येतो, कारण तिथेही पोती आहेत.

सप्टेंबर २०२०. पाऊस चांगला झाला, तलाव भरला आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. गावात पेढे वाटले. चार दिवसांनी मी फिरायला गेलो तर सांडव्याच्या भिंतीवर मातीनं भरलेली खताची पोती दोन थरांत रचलेली. दोन फूट उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, तिथे उभे राहून शेवटची पोती लावून घेत होते. मला म्हणाले, “बापू, डोळ्यांदेखत पाणी वाया जातंय, बघवत न्हाई. दोन फूट अडवलं तर उन्हाळ्यात उसाला एक पाळी जास्त बसती.”

मी काय केलं? काही नाही. तलावाखाली माझीही चार एकर आहे. मी मनात म्हटलं, पाऊस संपत आला, आता काय व्हायचंय. पंजाबात उंदराचं एक बीळ राहिलं म्हणून हवालदाराला फैलावर घेणारा मी, डोळ्यांसमोर सांडवा बंद होताना पाहून घरी आलो आणि चहा घेतला.

त्या पोत्यांनी काय होतं त्याचा हिशोब मी नंतर शिकलो, तो तुम्हाला आधी सांगतो. आमच्या भिंतीचा माथा सांडव्याच्या पातळीपेक्षा आठ फूट उंच बांधलेला. मोठा पूर आला तर सांडव्यावरून चार फूट उंचीचं पाणी जाईल, असा हिशोब. उरलेले चार फूट राखीव. वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा, भरावाचं बसणं, हिशोबातली चूक, सगळ्यासाठी. आप्पांनी दोन फुटांची पोती लावली म्हणजे पुराचं पाणी दोन फूट वर चढणार. राखीवपैकी दोन गेले. शिवाय पन्नास वर्षांत भराव बसलेला, माथ्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर जाऊन मधला भाग झिजलेला. नोव्हेंबरात आम्ही गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं माथा मोजला. मध्यभागी सव्वा फूट खाली. राहिले किती? नऊ इंच. जोराचा वारा सुटला तर तलावातली लाट त्यापेक्षा मोठी उठते.

१४ ऑक्टोबर, बुधवार. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून जमिनीवर चढला आणि तेलंगणातून आमच्याकडे आला. हैदराबादकरांना आदला दिवस आठवत असेल. आमच्याकडे दुपारपासून जो धरला तो सुटेना. संध्याकाळी सात वाजता तात्या माझ्या दारात. तात्या म्हणजे तलावाचे जुने चौकीदार, वय पंचाहत्तरच्या पुढे. ते निवृत्त झाल्यावर त्या जागेवर कोणी आलंच नाही. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात कंदील. “सायब, पोती काढाय पायजेत. आत्ताच.”

आम्ही पोहोचलो तेव्हा पोत्यांवरून दीड फूट पाणी जात होतं आणि पातळी चढत होती. पहिला विचार, विमोचकाचं दार उघडून जमेल तेवढं पाणी खाली सोडू. दाराचा दांडा फिरेना. किती वर्षं त्याला ग्रीस लागलं नव्हतं देव जाणे. तिघांनी जोर लावला तेव्हा चावीच वाकली. तसंही एवढ्या पुराला तो छोटा नळ पुरणार नव्हता, पण त्या क्षणी फार हताश वाटलं.

राहिला सांडवा. वाहत्या पाण्यात माणूस उतरवायचा नाही, हे मी पूर मदतीच्या कामात शिकलो होतो. पोरांना कमरेला दोर बांधले, दोराचं दुसरं टोक बाभळीला, आणि कडेच्या दगडी भिंतीवर उभं राहून लांब बांबूला कोयते बांधून पोती फाडायला लावली. प्लास्टिकचं पोतं फाटलं की आतली माती पाणी आपणच नेतं. एक फाटलं की शेजारचं हलतं. रात्री अकरापर्यंत दोन्ही टोकांनी मिळून जवळजवळ दोन तृतीयांश पोती गेली. मधली राहिली ती राहिलीच.

आप्पा तिथेच होते. पहिला तासभर ते भांडले. मग त्यांनीच एक बांबू घेतला. साठी ओलांडलेला माणूस, काही बोलत नव्हता, नुसता फाडत होता.

दरम्यान दुसरी फळी खालच्या वस्तीवर. ओढ्याच्या काठी चाळीसेक घरं आहेत. यातल्या एकाचीही जमीन तलावाखाली भिजत नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं, काही जण आठवड्याभरात कारखान्याकडे निघणार होती. पोती लावताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मलाही ती आठवली नव्हती. ऊस आप्पांचा, एक पाळी जास्त आप्पांना आणि मला, आणि बांध फुटला असता तर पाणी पहिल्यांदा त्यांच्या चुलीत. त्यांना उठवून उंचावरच्या शाळेत न्यायचं होतं. करोनामुळे शाळा बंद, किल्ली गुरुजींकडे तालुक्याला. कुलूप तोडलं. एक म्हातारी शेळ्या सोडून यायला तयार होईना, तर शेळ्याही वर्गात बांधल्या. एका बाईनं मला विचारलं, “तळं फुटणार हाय का?” मी म्हटलं, “नाही फुटणार, पण आज रात्री इथंच थांबा.” पहिल्या अर्ध्या वाक्याची मला खात्री नव्हती.

पहाटे तीनला पाणी सर्वात वर होतं. माथ्याच्या खोलगट भागापासून हातभर खाली. मग उतरू लागलं. पोती तशीच राहिली असती तर भिंत गेलीच असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हाताभराचं अंतर वीतभर झालं असतं आणि वर वारा होता, एवढंच म्हणतो.

गोष्ट संपली असं वाटलं, तर उजाडता उजाडता तात्यांनी हाक मारली. भिंतीच्या मागच्या पायथ्याला, विमोचकाच्या नळाच्या डाव्या अंगाला, बोटाएवढी धार. तिथे ओल नेहमीचीच होती, धार नवी होती. आणि गढूळ होती. तात्यांनी ओंजळीत पाणी धरलं, थोडा वेळ थांबून ओतलं आणि तळहातावर राहिलेली माती मला दाखवली. “ही आतली हाय सायब. भितीतली.”

तोवर पोरांनी घमेल्यांनी काळी माती आणायला सुरुवात केली होती. भोक दिसलं की बुजवायचं, हे आपल्या हाडातच आहे. तात्या ओरडले, “माती टाकू नका, पाणी कोंडंल!” इथे जरा थांबतो, कारण आजच्या भाषणातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. मागच्या बाजूनं धार बुजवली तर पाणी आत अडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, जास्त जोरानं फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. म्हणजे गाळणी करायची. आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी, आणि हे सगळं दाबून धरायला दगड. वाळूतून पाणी जातं, माती जात नाही. खडी वाळूला धरते, दगड खडीला.

गावात एकाचं घर बांधायला काढलेलं होतं. दारात वाळूचा आणि खडीचा ढीग. त्याला न विचारताच ट्रॉली भरली, पैसे मी नंतर दिले. नऊच्या सुमारास थर लागले. अर्ध्या तासानं धार तेवढीच होती, पण पाणी निवळ झालं होतं. तात्या शेजारच्या दगडावर बसले आणि बिडी पेटवली. संबंधित कार्यालयाचे अभियंते दुपारी पोहोचले. रस्ते वाहून गेले होते, त्यांचा दोष नाही. त्यांनी गाळणी पाहिली आणि म्हणाले, असंच करायला हवं होतं, कुणी सांगितलं? तात्या तोवर घरी झोपायला गेले होते.

पुढची दोन वर्षं मी पत्रं लिहिली. फौजेत शिकलेली पत्रं, विषय, संदर्भ, क्रमांक घालून. तलाव एका खात्यानं बांधला, दुसऱ्याकडे वर्ग झाला, कागद अर्धे इकडे अर्धे तिकडे. ‘निधी उपलब्ध होताच’ हे शब्द मला पाठ झाले. याच्यामागे एक कारण आहे, ते समजून घ्या. २०२१ मध्ये संसदेनं धरण सुरक्षा कायदा केला. चांगला कायदा आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणं त्यात येतात ती लांबी ५०० मीटर, साठा १० लाख घनमीटर, अशी काही अटींपैकी एखादी तरी पुरी करत असतील तर. आमचा तलाव १२ मीटर, ३८० मीटर, साडेसात लाख. कशातच बसत नाही. खालच्या वस्तीच्या दृष्टीनं तो पुरेसा मोठा आहे, कायद्याच्या दृष्टीनं नाही. देशभरात गावोगावी असे तलाव आहेत.

कायद्यात बसण्याइतकं धरण असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी भिंत पोखरली असं विधान झालं आणि देशभर त्याचे विनोद झाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. खेकडे, घुशी, उंदीर बांध पोखरतात, हे मी पंजाबात पाहिलं आहे. पण ती बिळं वेळेवर दिसावीत म्हणूनच तर तपासणी असते. मध्य प्रदेशातली मंडळी ऐकत असतील तर त्यांना धार जिल्ह्यातलं कारम आठवेल. ऑगस्ट २०२२, बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणाला गळती. खालची अठरा गावं हलवली, लष्कराला पाचारण केलं आणि यंत्रांनी बाजूनं चर खणून पाणी वाट काढून सोडलं. माणसं वाचली. माझ्या लेखी ते यश आहे, धरण गेलं तरी.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा भिंतीवर ओळीनं चालतो. माथ्यावर, दोन्ही उतारांवर आणि पायथ्याला. त्यासाठी गवत आधी कापून घेतो, कारण गवतात बीळ दिसत नाही. गवत उपटायचं नाही, ते माती धरून ठेवतं. झाडं मात्र नकोत. वेडी बाभूळ रोप असतानाच मुळासकट काढायची. मोठं झाड नुसतं तोडलं तर मूळ आत कुजतं आणि पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून मोठ्या झाडांना आम्ही अभियंत्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. आतल्या उतारावरचे पिचिंगचे दगड निसटले असतील तर परत बसवतो. ते दगड नुसते निसटत नाहीत, गावात येतात. आमच्या गोठ्याच्या जोत्यात पाच-सहा आहेत. माझ्या वडिलांच्या काळातले. मी ते काढून परत नेऊन बसवले तेव्हा गाव हसलं, पण नंतर आणखी तीन घरांतून दगड आले.

सांडव्याच्या पुढचा चरही पाहायचा. आमच्याकडे त्यात एकानं ज्वारी पेरली होती आणि खालच्या अंगाला बांध घातला होता. सांडवा मोकळा आणि पुढची वाट बंद, मग उपयोग काय? त्यावर दोन ग्रामसभा गेल्या. माथ्याचा खोलगटा मात्र आम्ही मनानं भरला नाही. कार्यालयाची लेखी परवानगी घेतली, त्यांचा माणूस उभा राहिला, जुना थर खरवडला, मुरूम वीतभर जाडीच्या थरांनी टाकून पाणी मारून रोलर फिरवला. नुसती माती ओतून वर ट्रॅक्टर फिरवणं म्हणजे भराव नव्हे. दाराचा दांडा २०२२ मध्ये बदलून मिळाला. दर दोन महिन्यांनी ग्रीस लावून तो फिरवायचा, पाणी सोडायचं असो नसो.

आणि वही. नळाजवळच्या गाळणीतून येणारं पाणी एका छोट्या पाटात घेतलं आहे. पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहायचं, तलावाची त्या दिवशीची पातळी लिहायची, पाणी निवळ की गढूळ ते लिहायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला, बाकी महिन्यातून एकदा. तलाव भरतो तशी गळती वाढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी तीच असताना धार वाढली, किंवा पाणी गढूळ झालं, तर त्याच दिवशी फोन करायचा. एवढंच.

वही पहिल्या वर्षी मी लिहिली. आता खालच्या वस्तीवरची एक मुलगी लिहिते, बारावीला आहे. ग्रामपंचायतीनं तिला महिना थोडे पैसे द्यायचं ठरवलं, तेव्हा आप्पांच्या मुलानंच विरोध केला की बाहेरच्या पोरीला भिंतीतलं काय कळतं. तात्या त्या सभेला होते. त्यांनी विचारलं, “तुला बादली भरायला किती सेकंद लागत्यात ते सांग की.” त्याला सांगता आलं नाही.

तात्या गेल्या वर्षी गेले. आप्पा आहेत. परवा तलाव भरला आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं तेव्हा आम्ही दोघं तिथे उभे होतो. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बापू, फूटभरानं काय व्हणार न्हाई रं.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, “न्हाई, ऱ्हाऊ दे.” मग आम्ही पायथ्याला उतरलो. मुलीनं त्या दिवसाची नोंद करून ठेवली होती. तलाव पूर्ण भरलेला, बादली ४८ सेकंद, पाणी निवळ.